साधंसं टू बीएचके घेताय? मग हे नक्की करा

अभिनंदन! घर घ्यायचं ठरवलंत. साधंसंच हवंय, चार माणसांपुरतं टू बीएचके, फार काही अपेक्षा नाहीत, असं सगळ्यांना सांगत फिरताय ना, फिरा, बजेट ओलांडल्यावर हेच वाक्य कामाला येतं.

सुरुवात होर्डिंगपासून करा. पुण्याच्या कडेचं वाघोली, किवळे, कुठलंही धरा, 42 लाखांत टू बीएचके असं दोन मजली उंच अक्षरात लिहिलंय म्हणजे 42 लाखांतच मिळणार, एवढं मोठं खोटं कोण लिहील? आकड्याच्या डोक्यावर एक छोटी चांदणी असते, ती डिझाइनचा भाग समजा. मग पाडवा किंवा दसरा बघून साइटवर जा, कारण मुहूर्ताच्या दिवशी सेल्स ऑफिसात इतकी गर्दी असते की विचार करायला खुर्चीच मिळत नाही, आणि विचार केला की घर होत नाही हे तर तुमचे काकासुद्धा सांगतात.

सॅम्पल फ्लॅट बघताना मेजरिंग टेप घरीच विसरा. बेडरूमला दारच का नाही, कपाट फूटभर खोल का, बेड एवढा आखूड का, असले प्रश्न विचारणारी माणसं आयुष्यभर भाड्यानेच राहतात. बायकोने कपडे कुठे वाळत घालायचे असं विचारलंच तर लगेच तिला खिडकीतून स्विमिंग पूलची जागा दाखवा, सध्या तिथे खड्डा आहे पण पाणी साचलंय म्हणजे कल्पना येते.

आता कॉस्ट शीट. सेल्सचा मुलगा खर्चाचा तो कागद तुमच्याकडे फिरवेल, पेनाने वरच्या 42 भोवती गोल करेल आणि त्याचा अंगठा नेमका खालच्या ओळींवर असेल. अंगठा हलवायला सांगू नका, संस्कार असतात माणसाला. त्याखाली पार्किंगचे 3 लाख असतात आणि इन्फ्रा, क्लबहाऊस वगैरेचे 2. झाले 47. गंमत पुढे आहे. बांधकाम चालू असलेला फ्लॅट 45 लाखांच्या आत असेल तर जीएसटी 1 टक्का, वर गेला की सगळ्या रकमेवर 5, आणि ते 45 मोजताना हे पार्किंग आणि क्लबहाऊससुद्धा धरतात. म्हणजे ज्या क्लबहाऊसमध्ये तुम्ही भाच्याच्या बारशाला एकदाच जाणार आहात त्याच्या जोरावर तुमचं घर परवडणाऱ्या घरांतून बाहेर पडलं आणि टॅक्स 2 लाख 35 हजार झाला. बढती मिळाल्यासारखं वाटून घ्या. पुढे स्टँप ड्युटी पुण्यात 7 टक्के, ते 3 लाख 29 हजार, रजिस्ट्रेशन 30 हजार. एकट्या बायकोच्या नावावर घेतलात तर ड्युटीत 1 टक्का सूट आहे, 47 हजार वाचतात, पण दोघांची नावं टाकली की सूट गेली, आणि एकट्या तिच्या नावावर म्हटल्यावर घरात जी शांतता पसरते ती बघता 47 हजार काहीच नाहीत हो. टोटल गेली 53 लाखांच्या घरात, त्यात अजून मीटर, वकील, सोसायटीचा ॲडव्हान्स मेंटेनन्स धरलेलाच नाही. धरू नका. बीपी वाढतो.

पैशाचं टेन्शन नकोच, बँक आहे ना. अंथरूण पाहून पाय पसरायचे हे आजोबांच्या वेळचं, आता बँकवाला पायांचं माप घेऊन अंथरूण शिवून देतो, वर म्हणतो सर तुमची एलिजिबिलिटी अजून आहे. फक्त 30 ते 75 लाखांच्या लोनमध्ये घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच मिळतं आणि त्या किमतीत स्टँप ड्युटी धरत नाहीत, त्यामुळे 37 लाख लोन घेतलंत तरी 16 लाख खिशातून आणायचेत, ते कुठून हे विचारू नका, पीएफ आहे, सोनं आहे, वडिलांची एफडी आहे आणि वडिलांना अजून सांगितलेलं नाहीये.

37 लाख, 20 वर्षं, व्याज साडेआठ टक्के धरा. हप्ता 32 हजार 109. पहिल्या महिन्यात त्यातले 26 हजार 208 व्याजात जातात, मुद्दल 5 हजार 901 ने कमी होतं, एवढ्यात त्या इमारतीची फार तर एखादी टाइल तुमची होत असेल. 5 वर्षं इमानेइतबारे सव्वाएकोणीस लाख भरल्यावर स्टेटमेंट काढाल तेव्हा शिल्लक कर्ज साडेबत्तीस लाखांच्या वर दिसेल. म्हणून स्टेटमेंट काढूच नये. कोणी विचारलं तर टॅक्स वाचतो म्हणायचं; ऑफिसात इन्कम टॅक्सची न्यू रिजीम निवडलेली असेल तर राहत्या घराच्या व्याजाची ती 2 लाखांची वजावट मिळत नाही, पण विचारणाऱ्यालाही कुठे माहीत असतं!

महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर मात्र अजिबात जायचं नाही. तिथे प्रोजेक्टचा नंबर टाकला की ताब्याची तारीख कितीदा पुढे गेली, कोर्टात काय चालू आहे, सगळं फुकटात दिसतं, आणि मूड जातो. करारनामा रजिस्टर करायच्या आधी बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही असं कायदा म्हणतो, उघडं पार्किंग विकताच येत नाही असंही म्हणतो, पण कायदा काय म्हणतो हे त्या सेल्सच्या मुलाला ऐकवून त्याचा दिवस कशाला खराब करायचा, त्याचंही टार्गेट असतं. ताबा मिळेपर्यंत इकडे भाडं आणि तिकडे प्री-ईएमआय, म्हणजे हप्ता सुरू होण्याआधीचं नुसतं व्याज, असं दोन्ही भरत राहा, सवय होते.

इंटिरियरचं थोडक्यात. मामेभावाला विचारा, त्याला त्यातलं कळतं. वास्तुवाल्यालाही बोलवा, तो 9 बाय 10 च्या बेडरूममध्ये चारही दिशांना दोष काढून दाखवेल. पाण्याचं विचारू नका, टँकर येतो.

आणि मग सगळं झालं, वास्तुशांत झाली, आहेराचे चार मिक्सर मिळाले की तुमच्या लक्षात येईल की पोरांची शाळा कोथरूडला आहे, ऑफिस हिंजवडीला, आणि सकाळचा ट्रॅफिक पाहता या घरात फक्त रविवारीच राहता येईल. घाबरू नका, पुष्कळ जण हेच करतात. फ्लॅट 15 हजारांनी भाड्याने द्यायचा आणि आपण कोथरूडला 28 हजार देऊन राहायचं. भाडेकरू निवडताना छोटं कुटुंब, शांत लोक बघा. 11 महिन्यांचं ॲग्रिमेंट करताना भिंतीला एकही खिळा ठोकायचा नाही हे कलम ठळक अक्षरात टाका, शब्द सुचत नसतील तर तुमच्या कोथरूडच्या मालकाने तुमच्या ॲग्रिमेंटमध्ये जे लिहिलंय तेच उतरवून काढा.