बोक चॉय म्हणेल ती पूर्व दिशा

घरी पालेभाजी पिकवणाऱ्याला ‘आज काय करू?’ हा प्रश्न कधीच पडत नाही. उत्तर वाफ्यात उभं असतं आणि ते थांबायला तयार नसतं. टोमॅटोला चार दिवस थांब म्हटलं तर तो थांबतो. भोपळा काढून कोपऱ्यात ठेवला की महिनोन्‌महिने गुमान बसतो. बोक चॉय या चिनी पालेभाजीचं तसं नाही. ती म्हणेल ती पूर्व दिशा. तुमच्याकडे पाहुणे यायचेत, तुम्ही परगावी निघालात, तुमची दाढ ठणकतेय, तिला काही देणंघेणं नाही.

बियांच्या पाकिटावर छापलेलं असतं, ‘30 ते 45 दिवसांत तयार’. वाचणाऱ्याला वाटतं, वा, किती लवकर! प्रत्यक्षात ती मुदत असते. दिवस मोठे झाले, ऊन तापलं, किंवा रोपं कोवळी असताना थंडीत काकडली आणि मग एकदम ऊब आली, की ही बया पानांचा संसार अर्धवट टाकून फुलोऱ्यावर येते. मधून दांडा सरसरून वर जातो, टोकाला पिवळी फुलं लागतात आणि खालची पानं जून होऊन कडवटतात.

यावर आमच्या घरात तोडगा निघालाय. चॉय सम नावाची भाजी मुळी फुलांच्या कोवळ्या दांड्यांसाठीच लावतात, गाय लान नावाच्या दुसऱ्या भाजीचेही दांडे कळ्यांसकट खातात. त्यामुळे बोक चॉय हाताबाहेर गेली की बायको तिचे दांडे खुडून आणते आणि बेधडक जाहीर करते, ‘‘आज चॉय सम!’’ लागतं छान, त्यामुळे मला तोंड उघडता येत नाही. म्हणजे, खाण्यापुरतंच उघडता येतं.

या भाज्यांना जो हलका झणका असतो, तो आपल्या जिभेचे लाड करायला नव्हे. झाड किडींना पळवण्यासाठी ग्लुकोसिनोलेट नावाची रसायनं बनवतं, त्यांची ती करामत. योजना उत्तम. फक्त उडद्या भुंगेरे आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग यांना ती केव्हाच पचलेली आहे. उलट त्याच वासाचा माग काढत ते येतात. चोरांना दरडावणारी पाटी लावावी आणि चोरांनी ती वाचूनच घर शोधावं, तसला प्रकार. उडद्या दिसायला तिळाएवढा. हात पुढे केला की टुणकन उडी मारतो आणि तुम्ही वळलात की पुन्हा चाळण करायला हजर. बारीक जाळी घालायची ती पेरणीच्याच दिवशी. उशिरा घातली, तर मातीतून वर येणारे किडे आत सुखात आणि आपण बाहेर.

एवढ्यातून जे वाचतं, ते धुणं हे वेगळंच प्रकरण. बोक चॉयचे पांढरे देठ बुडाशी पन्हाळीसारखे जुळलेले असतात आणि आख्ख्या बागेची माती तिथे मुक्कामाला असते. गड्डा उभा चिरून पाण्यात बुडवा, पाणी टाका, पुन्हा बुडवा. तरी दाताखाली कचकन येतंच. कधी एखादी पिटुकली गोगलगाय देठाला बिलगून बसलेली सापडते. तिला बाहेर सोडावं लागतं, कारण आमच्या मुलीचा दंडक आहे. ती गोगलगाय कुठे जाते हे मला ठाऊक आहे, मुलीला नाही.

मग पानं कोरडी करायची. हे टाळलं तर तापलेल्या तेलात पाणी पडून जो तडतडाट होतो, त्यात कढईपासून दोन हात लांब उभं राहून स्वयंपाक करावा लागतो. लसूण, आलं, आधी देठ, ते जरा नरम पडले की पानं, शेवटी सोया सॉस. पानांना अर्धा मिनिट पुरे. आणि त्या अर्ध्या मिनिटात डोळ्यांदेखत जादू होते. बोक चॉयमध्ये सुमारे 95 टक्के पाणीच असतं, त्यामुळे मघाशी कढईत मावत नव्हता तो ढीग बघता बघता खाली बसतो.

‘‘बाबा, बाकीची कुठे आहे?’’ मुलगी विचारते.

‘‘हीच सगळी.’’

‘‘मग दुपारभर तू काय निवडत होतास?’’

मिझुना या जपानी पालेभाजीचा छळ निराळा. जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापली की ती पुन्हा फुटते. कापली, फुटली. पुन्हा कापली, पुन्हा फुटली. सुरुवातीला मी याचं कौतुक सगळ्यांना सांगत असे. आता ओळखीचे लोक माझ्या हातात पिशवी दिसली की फोन कानाला लावतात. नाळीची भाजी तर याहून पुढची. तिचा पोकळ दांडा पाण्यात ठेवला तरी मुळं धरतो. अमेरिकेत तिला केंद्र सरकारच्या उपद्रवी तणांच्या यादीत टाकलंय. मला त्या अधिकाऱ्यांबद्दल मनापासून आपुलकी वाटते.

नापा कोबीचे गड्डे एकदम भरले, तेव्हा किमची, म्हणजे आंबवलेलं कोरियन लोणचं, घातली. कोरियात सगळ्यांनी मिळून किमची घालण्याची आणि वाटण्याची प्रथा आहे, किमजांग. युनेस्कोनं 2013 साली तिला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. आमच्या किमजांगमध्ये मी एकटा मीठ चोळत होतो आणि उरलेला समाज दारातून नाक दाबून बघत होता. बरणीतून बुडबुडे यायला लागल्यावर तर फ्रिजमध्ये कोणी राहायचं, यावर बैठकच बसली.

आता नवा घोळ. गेल्या हंगामात फुललेल्या झाडांचं बी मी कौतुकानं धरून ठेवलं होतं. पण बोक चॉय, तात्सोई, मिझुना, नापा, कोमात्सुना, इतकंच काय, सलगमसुद्धा, ही सगळी एकाच प्रजातीची मंडळी. मधमाश्यांनी कोणाची सोयरीक कोणाशी जुळवली, याची नोंद कुठेच नाही. वाफ्यात सध्या जे उगवलंय त्याची पानं मिझुनासारखी कातरलेली, देठ बोक चॉयचे, आणि बसकण तात्सोईची. बायको बराच वेळ निरखत होती.

‘‘काय म्हणायचं याला?’’

‘‘लसूण किती पाकळ्या सोलू ते सांग,’’ मी म्हणालो.