पोटॅशची रताळी आणि ‘आयसोटोपचं विष’

महाशिवरात्रीच्या तोंडावर बेळगाव-खानापूर भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘पोटॅश खतात आयसोटोप नावाचं किरणोत्सर्गी विष असतं. ते रताळ्यात उतरतं, अंगात साठतं, कॅन्सर होतो. शेणखताचीच रताळी घ्या आणि उकडून पाणी फेका.’ परवा बाजारात एकानं रताळं हातात घेऊन आमच्या काकूला विचारलं, “पोटॅश घातलंय काय हो मावशी?” काकूनं खरं ते सांगितलं, “घातलंय की.” त्यानं रताळं परत पाटीत टाकलं. मला ते फार लागलं.

आयसोटोप नावाचं विष नसतं. शाळेत आपण त्याला समस्थानिक म्हणून शिकलो: आवर्तसारणीत एकाच घरात बसणारे अणू. पोटॅश म्हणजे पोटॅशियम पुरवणारं खत. पोटॅशियमच्या प्रत्येक अणूच्या केंद्रकात १९ प्रोटॉन असतात; न्यूट्रॉन मात्र कुणात २०, कुणात २१, कुणात २२. बेरजेवरून नावं पडली पोटॅशियम-३९, ४० आणि ४१. रासायनिक वागणं ठरतं केंद्रकाबाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर, आणि ते तिघांतही १९च. त्यामुळे वेलाची मुळं असोत की आपली आतडी, तिघांना सारखंच घेतात.

यातला ४० किरणोत्सर्गी आहे, म्हणजे त्याचं केंद्रक कधीतरी आपोआप किरण टाकून बदलतं (यालाच क्षय म्हणतात), एवढं त्या मजकुरात खरं. पण तो दहा हजार अणूंत सुमारे एक, आणि कुठल्या कारखान्यानं घातलेला नाही. पृथ्वी घडली तेव्हापासून तो आहे; निम्मा व्हायलाच त्याला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. पोटॅशच्या तांबूस दाण्यांत त्याचं जे प्रमाण, तेच चुलीच्या राखेत आणि खानापूरच्या तांबड्या मातीत. शेणखतातलं पोटॅशियम म्हणजे गुरांनी खाल्लेल्या वैरणीतलं पोटॅशियम. त्यात ४० नसेल कसा?

साठण्याचं तर साफ चूक. ७० किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असतं, जास्तीचं लघवीवाटे जातं. त्या १४० ग्रॅमांतल्या चार हजारांवर अणूंचा दर सेकंदाला क्षय होत असतो, माणूस उपाशी असला तरी. पाव किलो रताळ्यांत हाच आकडा पंचविसेक.

राहिलं उकडणं. पाण्यात थोडं पोटॅशियम उतरतं खरं, पण तिन्ही प्रकारचं आणि त्याच प्रमाणात. चुलीची आच केंद्रकापर्यंत पोचत नाही. मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टर रताळी जपून खायला सांगतात, ते रक्तातलं पोटॅशियम वाढू नये म्हणून. तिथे ३९ देखील तितकाच मोजावा लागतो.