पॉइंट गेले

आमच्या आण्णांना आयुष्यात कधी खोटं बोलताना मी ऐकलं नाही. बँकेतली नोकरी, हिशेब चोख, शेजारून आणलेली वाटीभर साखर परत करताना वर चमचाभर जास्तच. कुठं पोचायला उशीर झाला की मात्र त्यांचं कारण ठरलेलं असे : "पॉइंट गेले." लग्नाला पोचलो तेव्हा पंगत उठलेली, का तर पॉइंट गेले. बारशाला गेलो तेव्हा बाळाचं नाव ठेवून, पेढे वाटून, पाळणा माळ्यावर गेलेला, पॉइंट गेले. समोरच्याला यावर बोलता येत नसे. पॉइंट म्हणजे काय हे त्याला माहीत नसे, आणि 'हे कुठं गेले आणि परत कधी येणार' असं चारचौघांत विचारणं बरं दिसत नाही.

गाडी १९८२ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. पुढच्या अखंड सीटवर आम्ही तिघं मावायचो आणि शिवाय एक टिफिन. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली तेव्हा चार नातेवाइकांनी मला हात जोडलेले मेसेज पाठवले. आमची खासगी आहे आणि हयात आहे, असं प्रत्येकाला वेगळं कळवावं लागलं. आण्णांच्या मागं गाडी माझ्याकडं आली. कारणही आलं. कारणासाठी वारसा नोंद करावी लागत नाही, एवढाच फरक.

आता पॉइंट. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या कडेला काळी टोपी दिसते. तिच्यातून चार प्लगच्या चार जाड वायरी आणि मधली कॉइलची पाचवी, पाय वर करून पडलेल्या खेकड्यासारखी. शिकलेली माणसं याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. आमच्या उद्यमनगरात डेल्को. हे नाव आलं अमेरिकेतल्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांवरून. चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरनं १९०९च्या सुमारास भागीदाराबरोबर ती काढली आणि बॅटरीवरचं हे इग्निशन कॅडिलॅक गाड्यांना दिलं. ओहायोतल्या त्या कंपनीचं नाव शंभर वर्षांनी कोल्हापुरात एक मिस्त्री "डेल्कोत पानी गेलंय" म्हणून घेतो, हे केटरिंगसाहेबांना कळायला हवं होतं.

टोपीखाली चार कोपऱ्यांचा एक कॅम गरगर फिरतो. प्रत्येक कोपरा एका इवल्याशा हाताला ढोसतो, की दोन टिकल्या, म्हणजेच आपले पॉइंट, एकमेकींपासून अलग होतात, कॉइलमधला करंट तुटतो, आणि त्या तुटण्यातून हजारो व्होल्टची ठिणगी प्लगपर्यंत जाते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारत असेल तर हा घटस्फोट सेकंदाला शंभर वेळा होतो. मग टिकल्या जळणार, हाताची टाच झिजणार, मधली फट कमी होणार आणि गाडी नेमकी चढावर मिसिंग मारणार, यात गाडीचा काय दोष?

ती फट साधारण ०.४ मिलिमीटर लागते. ती मोजायला फीलर गेज नावाची पात्यांची जुडी मिळते. आण्णांकडं जुडी नव्हती, लग्नपत्रिका होती. १९८६ सालच्या कुठल्याशा लग्नाची, चांगल्या जाड पुठ्ठ्याची. तिचा गणपतीचा कोपरा कापून त्यांनी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला होता. टिकल्यांच्या मध्ये गणपती किंचित अडकत सरकला पाहिजे, की झालं. त्या जोडप्याचं पुढं पटलं नाही म्हणे. त्यांच्या पत्रिकेवर आमची गाडी मात्र तीस वर्षं पळाली.

मी मात्र कंटाळलो. गेल्या जुलैत दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला, पावसात, मागं एसटी, त्यामागं उसाचा रिकामा ट्रॅक्टर, आणि मी बॉनेटखाली डोकं घालून ओल्या बोटांनी गणपती सरकवतोय. ट्रॅफिक हवालदार जवळ आला, आत डोकावला आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "पॉइंट व्हय?" त्याच्या चेहऱ्यावर सांत्वन होतं. त्याच रात्री मी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट मागवला.

किट म्हणजे एवढासा डबा. त्यात पेढ्याच्या आकाराचं एक काळं मोड्युल, आत लोहचुंबक असलेलं एक कडं, दोन वायरी आणि सूचनांचा कागद. तत्त्व सोपं आहे : कडं कॅमवर बसवायचं, ते फिरलं की चुंबक मोड्युलसमोरून जातात, आणि टिकल्यांनी करायचं ते काडीमोडीचं काम मोड्युल आतल्या आत, न घासता, न जळता करतं. तांबडी वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. उलट लावली तर मोड्युल तिथल्या तिथं जातं, असं कागदावर तीनदा छापलं होतं. छापणाऱ्यानं मला पाहिलं असावं.

मिस्त्रींना विचारलं. हे आण्णांच्या वेळचे मिस्त्री, आता सत्तरीच्या पुढचे; दुकान मुलगा बघतो आणि हे मुलाकडं बघतात. डबा हातात घेऊन त्यांनी वजन केलं.

"मालक, पॉइंट जातो तवा सांगून जातो. आधी मिसिंग, मग धक्के, मग बंद. ह्यो गेला की गेला. रामसुद्धा म्हणणार न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "आणि पॉइंट नसंल तर तुमचं कसं हुनार?"

मला वाटलं, ते त्यांच्या धंद्याचं बोलतायत. म्हणून ठरवलं, आपणच बसवायचं. रविवारी सकाळी, खंडेनवमीच्या आधी. हत्यारांना हळद-कुंकू लागायच्या आधी त्यांच्याकडून निदान एक काम करून घ्यावं.

टोपी काढली. रोटर काढला. पॉइंटचा स्क्रू काढताना जे पृथ्वीतलावर प्रत्येकाच्या हातून होतं तेच माझ्या हातून झालं : तांदळाएवढा स्क्रू टुण्णकन उडाला आणि डेल्कोत गेला. की खाली गेला? की पंपाच्या मागं? इंजिन फिरवावं तर तो दातांत सापडेल; न फिरवावं तर काम पुढं सरकेना. बॅटरी, आरसा, पक्कड, मुलीचा मोबाइल, सगळं लावून झालं. चादर अंथरून गाडीखाली झोपलो. शेजारचे रिटायर्ड हेडमास्तर कुंपणापाशी येऊन "ऑइल गळतंय का?" विचारून गेले आणि उत्तराची वाट न बघता तिथंच उभे राहिले. पाऊण तासानं आई चहा घेऊन आली. टूलबॉक्सवर ठेवलेलं नवं कडं तिनं उचललं आणि म्हणाली, "ह्याला हे काय चिकटलंय?"

चुंबकाचं कडं मीच हातात धरून वाकलो होतो. स्क्रू तिथून उडाला तो थेट त्याच्या पोटाशी.

आई चहाचा कप घेऊन पायरीवर बसली. "तुझ्या मामाकडं गडहिंग्लजला जायचं ठरलं, की हे पॉइंट हमखास जायचे," ती म्हणाली. "कागलच्या पुढं म्हणून कधी गाडी गेली नाही धड. पन्हाळ्याला जाताना मात्र एकदा पण नाही. चढ असून."

"गाड्यांचं असतंच तसं," मी म्हणालो. माझं लक्ष कॉइलकडं होतं. कॉइलच्या मायनसला पॉइंटच्या वायरीशिवाय आणखी एक वायर होती. बारीक, काळी, चिकटपट्टीत नीट गुंडाळलेली. ती मागच्या पत्र्यातून डॅशबोर्डखाली जात होती आणि तिथं एका छोट्या बटनाला जाऊन संपत होती.

हे बटन मी लहानपणापासून ओळखत होतो. त्याला हात लावायला आम्हा भावंडांना सक्त मनाई होती. "फॉग लॅम्पचं आहे," आण्णा सांगत. गाडीला फॉग लॅम्प नव्हता, पण वडिलांना असलं विचारायचं नसतं. पुढं कधी लावतील, असं आम्ही धरून चाललो. मी ती वायर सोडवली, टोकाला पट्टी लावली आणि विषय संपवला.

मोड्युल बसलं, कडं बसलं. कॉइल मीटरवर मोजली, तीन ओहम, म्हणजे कागदात हवी होती तशी. पॉइंटचा जोडीदार असलेल्या कंडेन्सरला रजा दिली. तांबडी प्लसला, काळी मायनसला; चारदा तपासलं, पाचव्यांदा आईकडून वाचून घेतलं. सेल्फ मारला. खर्र खर्र खर्र. ठिपूस नाही. प्लग काढून बघितले, पेट्रोलचा वास घेतला, बॅटरीच्या टोकांवर गरम पाणी ओतलं. शेवटी कुंपणापलीकडून हेडमास्तरांचा आवाज आला, "ते बोनेटवर काय राहिलंय?"

तो रोटर होता. ठिणगी कोणत्या प्लगला द्यायची ते ठरवणारा एकमेव इसम, बॉनेटवर ऊन खात बसलेला.

रोटर घालून सेल्फ मारला तर कार्बोरेटरमधून असा बार निघाला की हेडमास्तर कुंपणाखाली गेले. टायमिंग सरकलं होतं. मिस्त्रींना फोन लावला. ते काहीही न विचारता "चालू करून फोन इंजिनापाशी धरा" म्हणाले. मी डेल्कोचं अंग हळूहळू फिरवत गेलो. "आजून. आजून. मागं. जरासं. हां! आवळा." पाच किलोमीटरवरून, कानानं.

आणि गाडी पळायला लागली. ज्योतिबाचा डोंगर तिनं एकदाही न कुरकुरता चढला. थंडगार सकाळी अर्ध्या सेल्फला सुरू. मुसळधार पावसात सुरू. मी महिनाभर असा हिंडत होतो की जणू इंजिन मीच घडवलंय.

मग तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची लग्नं सुरू झाली.

जुनी पद्मिनी वरातीला पाहिजे, असं आजकाल प्रत्येक नवरदेवाला वाटतं. आधी मी म्हणायचो, "दिली असती हो, पण पॉइंट आहेत, भरवसा नाही." माणसं आदरानं मागं सरायची. आता गाडी चालते हे सगळ्या गावाला माहीत. हेडमास्तरांनी घरोघरी सांगितलेलं. डिसेंबरात पाच वराती. गाडीवर झेंडूच्या माळा, मी ड्रायव्हर, पुढं बँजो, वेग ताशी दोन किलोमीटर, आणि पाकळ्या रेडिएटरच्या जाळीत. चुलत मेहुण्याच्या वास्तुशांतीला वेळेवर पोचलो, म्हणजे पूजेच्याही आधी, आणि सतरंज्या घालायला मदत केली. "बरं झालं लवकर आलास," असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, आणि हातात केळीचे खुंट दिले.

जानेवारीत मी मुकाट्यानं उद्यमनगरात गेलो. इकडंतिकडं बघून विचारलं, "मिस्त्री, जुने पॉइंट परत बसवता येतील?"

मिस्त्रींनी मुलाला चहा सांगायला पाठवलं. गाडीचं दार उघडून, न बघता, त्यांनी डॅशबोर्डखाली हात घातला आणि त्यांचं बोट नेमकं त्या बटनावर गेलं.

"ही वायर सोडलीसा व्हय?"

"फॉग लॅम्पची?"

"चोर बटन हाय मालक. एकोणनव्वद साली मीच बसवलेलं. हे दाबलं की मायनस बॉडीला लागतंय, ठिणगी बंद." त्यांनी बटन दोनदा टकटक केलं. "चोरासाठी म्हणून आण्णांनी बसवून घेतलं. मग चार-सा म्हयन्यानी आलं आन् म्हनले, मिस्त्री, लय कामाची वस्तू दिलीसा."

मी सीटवर बसलो. कागल डोळ्यांपुढं आलं. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभे राहिलेले आण्णा, हातात लग्नपत्रिकेचा गणपती, चेहऱ्यावर हताश भाव. आणि मागच्या सीटवर मामासाठी घेतलेल्या मिठाईचा पुडा, जो आम्ही परत घरी येऊन खायचो.

"चालंल अजून?" मी विचारलं.

"चालंल. पन आता मायनसवर नको, कॉइल तापंल. प्लसची लाइन तोडून घिऊ. साडेतीनशे रुपय."

"आणि आईनं विचारलं तर? तिनं ती वायर बघितलीये."

मिस्त्रींनी चौदाचा पाना काढला आणि बॉनेटखाली डोकं घातलं.

"फॉग लॅम्पची हाय म्हनायचं."