लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचीच साखर वाढली?

‘लॉकडाऊनमध्ये प्रत्येक मधुमेहीची साखर वाढली, घरी बसून असाल तर गोळी वाढवा’ असा मेसेज फिरतोय. हे सरसकट खरं नाही. २५ मार्च २०२० पासून देश बंद होता, तेव्हा टाइप टू मधुमेहाच्या काही रुग्णांची साखर वाढली, काहींची होती तशीच राहिली, काहींची चक्क सुधारली. त्या काळातल्या अभ्यासांचे निष्कर्षही असेच संमिश्र आहेत. माझ्या वडिलांचं दुपारी तीनचं जेवण साडेबारावर आलं, स्टेशनवरचा वडापाव सुटला, साखर उतरली. शेजारच्या काकूंचं फिरणं बंद झालं, तपासणी लांबली, त्यांची चढली. शिवाय बोटातल्या थेंबाचा आकडा त्या क्षणापुरता असतो. एचबीएवनसी ही रक्ततपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. कृपा करून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी वाढवू नका.