मिशिगनचा दाखला आणि मतचाचण्यांवरचा सोयीस्कर अविश्वास

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पक्षांतर्गत लढत, म्हणजे प्रायमरी, रंगू लागली की एक युक्तिवाद दर वेळी उमेदवाराचे नाव तेवढे बदलून फिरू लागतो. त्याचा आशय असा असतो: मतचाचण्या हा प्रस्थापितांचा खेळ आहे, हजारभर माणसांना विचारून कोट्यवधींचे मत कळत नाही, मला किंवा माझ्या ओळखीच्या कोणालाही कधी असा फोन आलेला नाही, सभांची गर्दी आणि इंटरनेटवरचा कौल हीच खरी लाट, आणि पुरावा हवा असेल तर २०१६ चे मिशिगन पाहा. २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध लढलेले बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांनी तो हिरिरीने मांडला असला, तरी त्यांच्याआधी रिपब्लिकन पक्षातील इच्छुक रॉन पॉल यांचे समर्थकही हेच सांगत होते. यातला मिशिगनचा मुद्दा सर्वांत वजनदार असल्याने त्यापासूनच सुरुवात करणे योग्य होईल.

८ मार्च २०१६ रोजी मिशिगनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी झाली. आधीच्या चाचण्यांच्या सरासरीत हिलरी क्लिंटन सुमारे २१ टक्क्यांनी पुढे होत्या. प्रत्यक्षात सँडर्स ४९.७ विरुद्ध ४८.३ टक्क्यांनी जिंकले. ही चूक मोठी होती आणि ती झाकण्याचे कारण नाही. मात्र ती का झाली हे तपासता येते. कोणाचा कल कोणाकडे आहे एवढेच चाचणी घेणाऱ्याला शोधायचे नसते. मतदानाला नेमके कोण येणार याचाही अंदाज त्याला बांधावा लागतो, आणि त्यासाठी मागच्या निवडणुकीचा आधार घेतला जातो. मिशिगनमध्ये तो आधारच मोडका होता. २००८ मध्ये राज्याने पक्षाचे वेळापत्रक झुगारून प्रायमरी लवकर घेतली, त्यामुळे ओबामा आणि एडवर्ड्स या इच्छुकांनी मतपत्रिकेवरून आपली नावे काढून घेतली. २०१२ मध्ये ओबामा अध्यक्षपदावर असल्याने लढत अशी नव्हतीच. त्यात मिशिगनमध्ये मतदाराची पक्षनिहाय नोंदणी होत नाही, म्हणजे कोणत्याही पक्षाशी बांधील नसलेला मतदार ऐन दिवशी हवी ती मतपत्रिका मागू शकतो. शिवाय यंत्राने आपोआप मोबाइल क्रमांक फिरवण्यावर अमेरिकी कायद्याचे निर्बंध असल्याने ध्वनिमुद्रित प्रश्न विचारणाऱ्या स्वस्त चाचण्या लँडलाइनपुरत्या राहतात, आणि सँडर्स यांचा मुख्य आधार असलेले तरुण लँडलाइन वापरत नाहीत. हे सारे दोष गंभीर आहेत, पण ते पद्धतीचे दोष आहेत. कोणी कट केल्याचा त्यातून काहीच पुरावा मिळत नाही.

त्याच दिवशी मिसिसिपीतही मतदान झाले होते, ही गोष्ट या युक्तिवादात कधीच येत नाही. तेथे क्लिंटन यांना ८२ टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि तेथील चाचण्यांनी त्यांची आघाडी कमी लेखली होती. चाचण्या क्लिंटन यांच्या सोयीसाठी वाकवल्या जात होत्या असे मानणाऱ्याला मिसिसिपीचा हिशेब लावता येत नाही. प्रतिनिधींची, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्यांची, बेरीज तर आणखी बोलकी आहे. मिशिगनमधून सँडर्स यांना ६७ आणि क्लिंटन यांना ६३ प्रतिनिधी मिळाले. मिसिसिपीतून क्लिंटन यांना ३१ आणि सँडर्स यांना ५. समर्थक ज्या रात्री जल्लोष करत होते, त्याच रात्री क्लिंटन यांची एकूण आघाडी २२ प्रतिनिधींनी वाढली.

सभांच्या गर्दीचा मुद्दा न्यूयॉर्कने निकालात काढला. १३ एप्रिल २०१६ रोजी वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये सँडर्स यांच्या सभेला आयोजकांच्या सांगण्यानुसार २७,००० लोक जमले. सहा दिवसांनी झालेल्या मतदानात क्लिंटन सुमारे ५८ विरुद्ध ४२ टक्क्यांनी जिंकल्या, म्हणजे चाचण्यांनी दाखवलेल्या आघाडीपेक्षा थोड्या जास्तच फरकाने. तेथे फक्त पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांनाच मत देता येते, आणि आधीच नोंदणी असलेल्याला पक्ष बदलण्याची मुदत ऑक्टोबर २०१५ मध्येच संपली होती. हा नियम जाचक होता, हे मलाही मान्य आहे. परंतु सभेला येणारा माणूस मतदार असतोच असे नाही, हेही त्यातून स्पष्ट होते.

इंटरनेटवरच्या कौलाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्यात ज्याला उत्साह आहे तोच बटण दाबतो. पैसे भरून, ठिकाणावर जाऊन केलेल्या मतदानाची गतही तीच होते. ऑगस्ट २०११ मध्ये आयोवातील एम्स येथे रिपब्लिकनांचा प्रसिद्ध अनौपचारिक कौल झाला. त्यात मिशेल बाकमन पहिल्या आणि रॉन पॉल अगदी थोड्या मतांनी दुसरे आले. जानेवारी २०१२ च्या खऱ्या कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाच्या स्थानिक सभांत होणाऱ्या मतदानात, बाकमन सहाव्या क्रमांकावर फेकल्या गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी माघार घेतली.

हजार माणसांच्या आक्षेपाला आपल्या भाषेत फार पूर्वीच उत्तर दिले गेले आहे: शितावरून भाताची परीक्षा. पातेले लहान आहे की पंगतीचे, याने शितांची संख्या फारशी बदलत नाही; मात्र तळाचा भात करपला असेल आणि शिते वरचीच उचलली असतील, तर परीक्षा फसते. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक मतपत्रे परत आली आणि त्यांच्या आधारे साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकतील असे जाहीर केले. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. मोटारमालक आणि दूरध्वनीधारक यांच्या याद्यांतून मतपत्रे पाठवली गेली होती, आणि ज्यांना उत्तर द्यावेसे वाटले त्यांनीच ती परत केली होती. राहिला ‘मला फोन आला नाही’ हा मुद्दा. अमेरिकेत सुमारे २५ कोटी प्रौढ असताना हजार जणांच्या एका चाचणीत आपली निवड होण्याची शक्यता अडीच लाखांत एक इतकी असते. फोन आला असता तरच आश्चर्य वाटायला हवे होते.

खरी विसंगती पुढे दिसते. मे २०१६ मध्ये, क्लिंटन आघाडीवर असल्याचे सांगणाऱ्या चाचण्यांना खोट्या ठरवणारेच समर्थक दुसऱ्या चाचण्या मोठ्या अभिमानाने पुढे करत होते: ट्रम्प यांच्याविरुद्ध सँडर्स क्लिंटन यांच्यापेक्षा अधिक फरकाने जिंकतील, असे सांगणाऱ्या. बहुतेकदा त्या त्याच संस्थांच्या असत आणि त्याच पद्धतीने घेतलेल्या असत. पुढे तर, एक्झिट पोल आणि मोजणी यांत तफावत दिसली म्हणजे मतांची चोरी झाली, असा दावा याच गोटातून झाला. म्हणजे मतदानाआधी विचारलेले सारे खोटे आणि मतदान करून बाहेर पडताना विचारलेले मात्र ब्रह्मवाक्य. २००४ मध्ये एक्झिट पोलने डेमोक्रॅटिक उमेदवार केरी यांची मते जास्त दाखवली, तेव्हा ती चाचणी घेणाऱ्यांनीच तपास करून, केरी यांचे मतदार उत्तर द्यायला अधिक राजी होते असा निष्कर्ष काढला होता. ४ जून २०२४ चा निकाल पाहिलेल्या मराठी वाचकाला एक्झिट पोलवर इतका विश्वास कसा बसेल, हा प्रश्नच आहे.

या समर्थकांच्या रागाला एक ठिकाण मात्र रास्त होते आणि तिकडे त्यांचे फारसे लक्ष गेले नाही. चाचणीचा आकडा हे जेव्हा वादविवादाच्या मंचाचे प्रवेशपत्र होते, तेव्हा तिच्यावर तिला न पेलणारा भार पडतो. सप्टेंबर २०१९ च्या वादविवादासाठी डेमोक्रॅटिक पक्षाने १,३०,००० देणगीदारांबरोबरच चार चाचण्यांत किमान दोन टक्क्यांची अट घातली होती. चारशे मतदारांच्या नमुन्यात दोन टक्के म्हणजे आठ माणसे.