९० किलोच्या वर वजन म्हणजे रोड बाइक नाही? हा सल्ला चुकीचा आहे

"वजन ९० किलोच्या वर असेल तर रोड बाइक घेऊ नका. फ्रेम मोडेल, स्पोक तुटतील, चाक आउट होईल, म्हणजे वाकडं फिरेल. आधी वजन उतरवा, तोवर एमटीबी चालवा." रोड बाइक म्हणजे पक्क्या रस्त्यावर वेगाने चालवायची हलकी सायकल, एमटीबी म्हणजे डोंगरवाटांसाठीची माउंटन बाइक. सायकलच्या ग्रुपांवर हा सल्ला सतत फिरत असतो आणि तो वाचून रोड बाइक घ्यायला निघालेला माणूस बेत रद्द करतो. त्याचं नुकसान होतं, म्हणून हे उत्तर.

फ्रेमचं आधी. प्रत्येक मॉडेलच्या माहितीपुस्तकात वजनाची मर्यादा छापलेली असते आणि बहुतेक वेळा ती स्वार, सायकल आणि सामान मिळून असते. अनेक रोड बाइकना ती ११० ते १२५ किलोच्या दरम्यान आहे. ९५ किलोचा माणूस, १० किलोची सायकल, ३ किलो सामान: १०८. म्हणजे पर्याय आहेत. चाकं आणि सीटपोस्ट (खोगिराखालचा दांडा) यांची मर्यादा मात्र वेगळी, कधी कमीही असते. तीही बघा.

स्पोक तुटतात, हे खरं. पण ते एका दणक्यात वजनाने तुटत नाहीत, थकून तुटतात. चाक फिरताना जमिनीकडे आलेल्या स्पोकचा ताण क्षणभर उतरतो आणि पुन्हा चढतो. किलोमीटरला सुमारे ४७० फेरे, म्हणजे हजार किलोमीटरमध्ये प्रत्येक स्पोकला पावणेपाच लाख हिसके. मुळात ताण कमी असेल तर स्पोक दर फेऱ्याला पूर्ण सैल पडतो, हबजवळच्या (चाकाच्या मधल्या भागाजवळच्या) वाकणावर हलत राहतो आणि तिथेच तुटतो. मागच्या चाकात उजवीकडच्या कॅसेटमुळे, म्हणजे दातेरी चकत्यांच्या संचामुळे, डाव्या बाजूचे स्पोक उजव्यांपेक्षा बरेच सैल असतात, त्यामुळे तिथे विशेष लक्ष हवं.

मग उपाय काय? मागे २० किंवा २४ स्पोकांचं देखणं चाक नको. ३२ स्पोक, जमल्यास ३६, तीन क्रॉसची विण (प्रत्येक स्पोक इतर तीन स्पोकांना छेदून जातो), मजबूत अॅल्युमिनियम रिम. स्पोक मधे बारीक केलेले, म्हणजे बटेड घ्या. ते जास्त लवचिक असल्यामुळे ताण वाटून घेतात आणि जाड सरळ स्पोकांपेक्षा जास्त टिकतात. हाताने चाक बांधणारा, स्पोकचा ताण मोजणारं टेन्शन मीटर वापरणारा मेकॅनिक शोधा आणि पहिल्या काही राइडनंतर चाक पुन्हा तपासून घ्या. दुधाचे कॅन वाहणाऱ्या जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या चाकाला ४० स्पोक असायचे. भार मोठा असेल तर स्पोक वाढवायचे, हे आपल्याकडे पूर्वीपासून माहीत होतं.

"रोड बाइकचे टायर काडीसारखे" हेही आता जुनं झालं. २३ मिलिमीटरचा टायर १२० पीएसआयला फुगवायचे दिवस गेले. आजच्या अनेक फ्रेममध्ये ३२ मिलिमीटरचा टायर बसतो. घेताना तेवढी जागा आहे ना, हे विचाराच. एक सावधगिरी: हुकलेस रिमवर, म्हणजे टायर धरून ठेवणारी आकडी कडेला नसलेल्या रिमवर, हवा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर नेता येत नाही. वजनदार माणसाला अरुंद टायरसाठी तेवढी हवा पुरत नाही.

ब्रेक डिस्कच असावेत. खंबाटकी किंवा सिंहगडाच्या उतारावर भारी स्वार जास्त उष्णता निर्माण करतो आणि रिम ब्रेक थेट रिमवरच घासत असल्यामुळे कार्बन रिमला ती बाधते.

एमटीबीचा सल्ला तर मला सर्वात जास्त खटकतो. स्वस्त एमटीबीत बहुतेकदा हबवर स्क्रू होणारा फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा जुन्या पद्धतीचा गट) असतो. त्यात उजवं बेअरिंग अ‍ॅक्सलच्या टोकापासून बरंच आत बसतं, त्यामुळे भार आला की अ‍ॅक्सल वाकतो, कधी तुटतोही. कॅसेट बसणाऱ्या हबमध्ये ही अडचण खूप कमी आहे. म्हणजे 'मजबूत' म्हणून सुचवलेली सायकलच मागच्या चाकात आधी दगा देऊ शकते.

आणि वजन उतरवायचंच असेल, तर धावण्यापेक्षा सायकल गुडघ्यांना सोसते, कारण शरीराचा भार खोगिरावर असतो. चढासाठी पुढे ३४ दात्यांची छोटी चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट मागून घ्या.