दादाची पँट आणि माझा टेप

माझा धंदाच मापांचा. नागपुरात मानेवाड्याला माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको, लग्नसराईत लेहेंग्यांचं अल्टरेशन. गिऱ्हाईक पायरी चढून आत आलं की छाती-कंबर नजरेनंच कळते, टेप लावायचा तो खात्रीसाठी. आणि माझ्याच घरात, माझ्या सख्ख्या भावाची कंबर तीसची चाळीस झाली तेव्हा मी काय केलं? पँट उसवून सैल करून दिली. एकदा नाही, तीन वेळा.

हे फेसबुकवर टाकू का म्हणून दादाला विचारलं. म्हणाला, "टाक. पण फोटो नको टाकू." म्हणून फोटो नाही.

दादाला स्किझोफ्रेनिया आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता त्यानं एक दिवस खिडक्यांना पेपर चिकटवायला सुरुवात केली. समोरच्यांच्या डिश अँटेनातून आपलं बोलणं रेकॉर्ड होतं म्हणायचा. झोप नाही, जेवण नाही, आईच्या हातचं पाणीसुद्धा आधी तिला प्यायला लावायचा. मग डॉक्टर, एक गोळी, दुसरी गोळी, आणि २०११ मध्ये ओलान्झापिन. दोन महिन्यांनी त्यानं ते पेपर स्वतःच्या हातानं काढले. ओला फडका घेऊन काचेवरचा डिंक पुसत बसला होता, मला अजून दिसतं. त्या गोळीचे आमच्यावर उपकार आहेत, हे आधीच लिहून ठेवते. कारण ही पोस्ट अर्धी वाचून कोणीतरी आपल्या माणसाच्या गोळ्या बंद करेल, अशी मला भीती आहे. तसं करू नका हो.

पण त्या गोळीसोबत भूक आली. साधी भूक नाही. सहा पोळ्या खाऊन माणूस ताटावरून उठायचा आणि पंधरा मिनिटांनी फोडणीच्या पोह्यांच्या वासानं स्वयंपाकघराच्या दारात उभा. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचतच नाही, असं नंतर एका डॉक्टरांनी समजावलं. शिवाय ही गोळी शरीरातल्या साखरेच्या कारभारातही ढवळाढवळ करते. तेव्हा हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आई तर खूष होती. "खाऊन राहिला ना पोरगा, खाऊ दे. दोन वर्षं अन्नाले शिवला नव्हता."

पँटचं सांगते. पहिल्या वर्षी मागची शिलाई उसवून इंचभर सोडली. मग पुन्हा. मग मार्जिनच संपलं, तर बाजूला कापडाची पट्टी जोडली, बेमालूम, माझी मलाच शाबासकी. चौथ्या वेळी वैताग आला आणि मी त्याला इलॅस्टिकवाल्या ट्रॅक पँट आणून दिल्या. ती माझी सगळ्यात मोठी चूक. हुकाची पँट निदान बोंबलते. इलॅस्टिक काहीच बोलत नाही, पोट वाढेल तसं वाढतं.

दर महिन्याला दाखवायला न्यायचो. ओपीडीत गर्दी ही अशी. नंबर आला की प्रश्न ठरलेले. झोप होते का? आवाज येतात का? त्रास देतो का? मी म्हणायची, "नाही सर, शांत आहे." झालं, पुढच्या महिन्याच्या गोळ्या. सात वर्षांत त्या खोलीत दादाचं वजन झालं नाही. काटा होता, टेबलाखाली सरकवलेला, त्यावर फायलींचा गठ्ठा. डॉक्टरांना दोष देऊन मोकळं व्हावं असंही मला वाटत नाही. आपल्या देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा पुरता येत नाही, त्या माणसानं दोन मिनिटांत काय काय पाहायचं? पण घरी आमचंही तेच. नातेवाईक विचारायचे, कसा आहे आता? शांत आहे. शेजारी विचारायचे. शांत आहे. त्याच्याकडून आम्हाला दुसरं काही नकोच होतं, असं आता वाटतं.

२०१८ चा मे. नागपूरचा मे म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. कूलर चोवीस तास, दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. दादा पाण्याच्या बाटल्यामागून बाटल्या संपवायचा. आम्ही म्हटलं उन्हाळा आहे. दिवसभर झोपून राहायचा. गोळ्यायनं झोप येते त्याले, असं आई म्हणायची. रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठायचा. बेचैनी असेल. वजन थोडं उतरलं, तर मला वाटलं बरं झालं. एकेका गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होतं. आणि एके सकाळी आई बाथरूमच्या दारातून ओरडली, "अवो, इथं मुंग्या काऊन लागून राहिल्या?"

तिचं माहेर काटोलकडचं. तिच्या आजोबांच्या मोरीतही अशाच मुंग्या लागायच्या. तिला लगेच कळलं, लघवीतून साखर जातेय. मला, हातात टेप घेऊन फिरणारीला, नाही कळलं.

त्याच रात्री उलट्या सुरू झाल्या. जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. ड्युटीवरच्या पोरगेल्या डॉक्टरनं गोळ्यांची स्ट्रिप बघितली, दादाकडे बघितलं आणि म्हणाला, "हा पेशंट सायकियाट्रीचा आहे, तिकडेच न्या." मी म्हटलं, सर, शुगर तरी बघा. त्यानं फाईल बंद केली होती. शेवटी सिस्टरनं, डॉक्टरांकडे न बघता, दादाचं बोट टोचलं. ४३८. मग मात्र धावपळ.

वेड्या माणसाचं पोट दुखलं तरी ते वेडातच जमा होतं. छातीत दुखतंय म्हणाला, तर भास. दम लागतोय म्हणाला, तर घाबरतोय. हे फक्त आमच्यासोबत झालं असतं तर मी नशिबावर ढकललं असतं. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात. आणि लोकांना वाटतं तसं, सगळी आत्महत्येनं नाही. बरीचशी हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे आजार, इन्फेक्शन, अशा साध्या, ओळखीच्या, वेळेत सापडले तर आवरता येणाऱ्या आजारांनी जातात. दहा ते वीस वर्षं! माझ्या दादाचं तेव्हा सदतिसावं चालू होतं. मी वजाबाकी केली नाही.

काय तपासायचं, हे काही गुपित नाही. अमेरिकेतल्या मधुमेहाच्या आणि मानसोपचाराच्या संघटनांनी २००४ मध्येच एकत्र बसून लिहून ठेवलंय: अशी गोळी सुरू करताना वजन, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटीची शुगर आणि कोलेस्टेरॉल बघायचं, तीन महिन्यांनी परत बघायचं, मग ठरावीक काळानं बघत राहायचं. दादाची गोळी त्यानंतर सात वर्षांनी सुरू झाली. ह्यातलं बहुतेक तर महागही नाही. टेप कितीला येतो, मला विचारा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी कमरेची हद्द ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच. बायकांसाठी ८०, म्हणजे साडेएकतीस. दादा साडेपस्तीस कधी ओलांडून गेला, ते मी सांगू शकते. दुसऱ्यांदा पँट उसवली तेव्हा. दिवाळीच्या आधी.

दवाखान्यातून घरी आल्यावर पुढची वरात. मधुमेहाचे डॉक्टर म्हणाले, हे मानसिकच्या गोळ्यांमुळे आहे, तिकडे विचारा. तिकडचे म्हणाले, शुगरचं आम्ही बघत नाही, फिजिशियनला दाखवा. मी दोन फायली दोन पिशव्यांत घेऊन मेडिकल चौकातून इकडून तिकडे. शेवटी तिसऱ्या एका मॅडमनी माझ्यासमोर फोन उचलला आणि फिजिशियनशी पाच मिनिटं बोलल्या. पाच मिनिटं! सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या भावाचं डोकं आणि त्याचं धड एकाच माणसाचं आहे हे कोणीतरी धरून चाललं. गोळी बदलायचा विचार झाला, पण आधी एकदा बदलताना काय झालं होतं ते आठवून तीच ठेवली, डोस जरा उतरवला, शुगरची गोळी मेटफॉर्मिन जोडली.

कायद्यानं तर हे कधीच मान्य केलंय. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २१. मानसिक आजार असलेल्या माणसाला आरोग्यसेवेत शारीरिक आजाराच्या पेशंटसारखीच वागणूक मिळाली पाहिजे. मला हे कलम त्या रात्री माहीत असतं तर मी त्या डॉक्टरला ऐकवलं असतं, असं म्हणायला छान वाटतं. खरं म्हणजे मी गयावयाच केली असती.

उन्हाळ्याचंही बोलायलाच हवं, कारण हे आपल्या नागपूरचं खास दुखणं. २०१३ च्या मेमध्ये इथं पारा ४७.९ वर गेला होता. मानसिक आजाराच्या बऱ्याच गोळ्यांनी घाम येणं आणि शरीर थंड ठेवणं बिघडतं, हातापायांची थरथर थांबवायला जी गोळी सोबत देतात तिनं तर जास्तच. असा माणूस भर दुपारी टिनाच्या खोलीत पंख्याखाली बसलेला असतो आणि काही बोलत नाही. शांत असतो. ओपीडीच्या बाकावर ओळख झालेल्या एक काकू आहेत, त्यांची सून लिथियम घेते, मूडच्या आजारावरची गोळी. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तिला जुलाब लागले, अंग दुखतं म्हणून मेडिकल स्टोअरमधून दुखण्याची गोळी आणून दिली. दोन दिवसांत हात लटलट कापायला लागले, बोलणं जड झालं, चालताना झोक जायला लागला. घरचे म्हणाले, पुन्हा डोक्यात गेलं. रक्त तपासलं तर लिथियम भलतंच वाढलेलं. शरीरातलं पाणी कमी झालं की ते रक्तात साठतं, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या त्यात भर घालतात. घरात कोणी लिथियमवर असेल तर जुलाब-उलट्या लागल्या की उशीर न करता डॉक्टरांना फोन करा, आणि बीपीच्या नावाखाली आपल्या मनानं मीठ बंद करू नका.

आणि खर्रा. आता मला शिव्या पडतील. आमच्या घरात खर्रा हे औषध होतं. दादा चिडला की आई दहा पावलांवरच्या ठेल्यावरून खर्रा आणायची. पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू गालात गेली की दोन तास घर शांत. आज त्याच्या तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या बाजूलाच शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं दाखवलं, सुपारी बंद करायलाच सांगितली. दिवसाला चारचा एक झालाय, बंद झालेला नाही. बिडी-सिगारेटवाल्यांसाठी एक वेगळीच गोष्ट आहे. धुरामुळे ओलान्झापिन आणि त्याच आजारावरची क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातात. म्हणजे माणसानं बिडी एकदम सोडली की तोच डोस अंगावर जास्त पडतो. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या कानावर घालून. (हे धुराचं आहे, तंबाखूचं नाही. खर्रेवाल्यांनी उगाच खूष होऊ नये.) क्लोझापिनवाल्यांना तर रोज विचारावं, पोट साफ झालं का? त्या गोळीचा बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतो. लाजायचं काय त्यात.

आता आमची स्वतःची लाज. मध्यंतरी आशाताई फॉर्म घेऊन आल्या. घरातल्या तीस वर्षांवरच्या सगळ्यांची नावं, बीपी-शुगर तपासायला. आई म्हणाली, "मी आन् माही पोरगी. बस." दादा आतल्या खोलीत, दारामागे. आईनं मुद्दाम लपवलं असंही नाही. तिच्या मोजणीत तो आलाच नाही. मी मशीन थांबवून म्हटलं, ताई, तिसरं नाव लिहा.

चालण्याचं मात्र आमचं जमलं. बागेत चल म्हटलं तर तो येत नाही, लोक बघतात. म्हणून त्याला काम दिलं. शिवून झालेले ब्लाउज गिऱ्हाईकांच्या घरी पोचवायचे, पायी. रिंग रोडच्या अलीकडे-पलीकडे मिळून रोज तीन-चार किलोमीटर सहज होतात. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. एका बाईनं फोन करून सांगितलं, त्याला नको पाठवत जाऊ. मी तिचे ब्लाउज घेणं बंद केलं. चांगलं गिऱ्हाईक होतं, वर्षाला वीस-पंचवीस ब्लाउज. असो. दुसऱ्या एक आजी त्याला ताक पाजल्याशिवाय सोडत नाहीत, बिनसाखरेचं, मीठ-जिरं घातलेलं.

ट्रॅक पँट मी सगळ्या वाटून टाकल्या. आता हुकाची पँट. दर महिन्याच्या एक तारखेला दुकान उघडायच्या आधी त्याची कंबर मोजते, मापाच्या वहीतच त्याचं पान आहे, गिऱ्हाईकांसारखं. चाळीसवरून साडेअडतीसला आलाय आणि तिथंच अडलाय. तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी (HbA1c) सातच्या वर आहे अजून. पुढच्या तारखेला वही घेऊन जाणार आहे. सरांनी विचारलं "कसा आहे?" की पान उघडून समोर ठेवणार.

मानेवाडा, बेसा, अयोध्यानगरकडे कोणाच्या घरी असं माणूस असेल, तर दुकानात घेऊन या. दुपारी दोन ते चार गर्दी नसते, कूलर चालू असतो. माप घेऊन चिठ्ठीवर लिहून देईन, पैसे नाहीत. ब्लाउज टाकायची अटही नाही.